लसूण, निळी रेघ आणि माझा उजवा पाय

डेअरीवर येणारा प्रत्येक माणूस कॅन खाली ठेवायच्या आधी माझ्या पायाकडे बघतो. काही जण बघून गप्प बसतात, ते भले. बाकीच्यांना चप्पल काढून दाखवावी लागते. मग कुठली बोटं गेली, किती दुखलं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "लसणानं झालं मनत्यात, खरं हाय का?" सांगून सांगून मी कंटाळलोय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्याला विचारायचं असेल त्यानं हे वाचावं, दूध घालावं आणि घरी जावं.

माझं नाव सुभाष. केजहून नांदूरघाटाकडे जाताना एक लहान गाव लागतं, तिथल्या दूध सोसायटीत मी दूध तपासतो. फॅट काढायची, पाणी घातलंय का बघायचं, नासकं किंवा औषधाचं दूध परत पाठवायचं. या कामामुळे गावात मला मित्र कमी आहेत.

छावणी

ते वर्ष दुष्काळाचं होतं. ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि चारा नाही म्हणून गावाची जनावरं छावणीत गेली. छावणी आमच्या सोसायटीनंच चालवायला घेतली होती. माळावर हिरव्या जाळीचे मांडव, मांडवाखाली जनावरं, आणि जनावरांपाशी अर्धं गाव. टँकर येऊन गेला की हौदाभोवती शेणामुताचा चिखल व्हायचा. त्या चिखलात आमच्याच म्हशीनं माझ्या उजव्या पायावर पाय दिला. करंगळीचं नख उपसलं आणि बाजूची कातडी फाटली. म्हशीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

जखम स्वच्छ धुवावी हे मलाही कळत होतं. पण घरात प्यायच्या पाण्यावरून भांडणं चालू होती, तिथं पाय कुठे धुणार? फडक्यानं पुसला आणि मांडवाच्या बांबूला खोचलेली ट्यूब काढून लावली.

ही ट्यूब कसली ते सांगायला हवं. गाईची कास सुजून घट्ट झाली की आम्ही दगडी झाली म्हणतो. तेव्हा थानात सोडायला लांब तोटीची एक औषधाची ट्यूब मिळते. सोडून झाली तरी तळाला थोडं औषध राहतं, आणि ते आमच्याकडे कोणी फेकत नाही. टाचेच्या भेगा, विळ्यानं कापलेलं बोट, पोरांचे खरचटलेले गुडघे, सगळ्याला तेच. एवढ्या मोठ्या जनावराला गुण येतो तर माणसाला का येणार नाही, असा आमचा विचार. छावणीत तर जवळजवळ प्रत्येक बांबूला एक अर्धी ट्यूब खोचलेली असायची.

आता दुधाचंही ऐका. ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध काही दिवस डेअरीत चालत नाही. त्याचं दही लागत नाही, कारण दुधात उतरलेलं औषध विरजणालाही मारतं. कोणाच्या दुधाची शंका आली की मी वाटीभर बाजूला काढून विरजण लावून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ते पातळच राहिलं की त्या घराचं दूध बंद. भांडायला आले तरी घ्यायचो नाही. परत गेलेलं ते दूध ओतून कोण देणार, आणि तेही दुष्काळात? ते घरी जायचं, चहात जायचं, पोरांच्या पेल्यात जायचं. आमच्या घरी तेच चालायचं. डेअरीत मात्र एक थेंब शिरू दिला नाही, याचा मला अभिमान होता.

घरचे उपाय

पाय सुजला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी एक सुई दिली आणि गोळ्या दिल्या. गोळ्या पूर्ण घ्या असं ते म्हणाले असतील. ते नेहमीच म्हणतात. सूज उतरल्यासारखी वाटली तशा मी बंद केल्या. उरलेल्या देवळीतल्या डब्यात ठेवल्या. त्या डब्यात घरातल्या सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या असतात, आणि कोणाचं काय दुखलं तर त्यातूनच निघतात. पुढे पाय परत सुजला तेव्हा मी त्यातल्याच घेतल्या. त्यातल्या माझ्या कुठल्या आणि वहिनीच्या तापाच्या कुठल्या, देव जाणे.

माझी बायको सिंधू मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील मेंढरांचे खूर सडले की लसूण ठेचून बांधायचे, आणि मेंढरं बरी व्हायची. हे तिनं लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं आहे. लसूण ही तशीही तिच्या जिवाभावाची गोष्ट. भाजीत, वरणात, भाकरीवर, कान दुखला तर तेलात. तिच्या हाताची लसणाची चटणी खाऊन पाहुणे दुसरी भाकरी मागतात, आणि ती तोंडानं "काही न्हाई हो त्यात" म्हणत तिसरी वाढते.

पायाला वास यायला लागला तेव्हा ती म्हणाली, "आवं, ह्या ट्यूबा बिबा पुरे झाल्या. एकदा माजं ऐका."

मी ऐकलं. तिनं कच्चा लसूण ठेचला, जखमेवर आणि भोवती जाड थापला, वरून फडकं गच्च बांधलं. आग पडली. मी ओरडलो तर म्हणाली, "झोंबतंय म्हंजी काम करायलंय." आमच्याकडे औषधाची हीच खूण. जे झोंबत नाही त्यावर कोणाचा विश्वास नाही.

सकाळी फडकं सोडलं तर जखमेभोवती भाजल्यासारखे फोड उठले होते, आणि लाली घोट्याच्या वर गेली होती. मला थंडी भरली होती. मोठ्या भावाला, आण्णाला, बोलावलं. त्यानं पाय बघितला, सिंधूकडे बघितलं आणि जीप बघायला गेला. केजच्या डॉक्टरांनी पट्टी अर्धी उघडून परत झाकली आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. त्यांचा तो पट्टी झाकायचा हात मला अजून आठवतो. मी तशाच हातानं नासकं दूध झाकून बाजूला सारतो.

निळी रेघ

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. त्यांनी जखम बघितली, फोड बघितले आणि विचारलं, "हे कोणी बांधलं?"

सिंधू पुढे झाली. "म्या."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "कच्चा लसूण कातडी भाजतो, मावशी. परत बांधू नका." आवाजही चढवला नाही. पण आण्णानं बाहेर बाकावर बसलेल्या चार माणसांसमोर सांगितलं, "हिच्या लसणानं पाय घालवला भावाचा." ते वाक्य आमच्या आधी गावात पोचलं.

मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी निळ्या पेनानं माझ्या पोटरीवर, लाली जिथं संपत होती तिथं, गोल रेघ ओढली. म्हणाले, "लाली ह्या रेघेच्या वर गेली नाही तर पाय वाचवायचा प्रयत्न करू. चढत गेली तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. आत्ताच सांगून ठेवतो."

साखर तपासली. नव्हती. आण्णा म्हणाला, "आवंदा कारखान्यातबी न्हाई, तुज्यात कुठून यायची." त्या दिवसातलं एवढंच हसू.

पहिल्यांदा भूल देऊन जखमेतली घाण काढली, आणि थोडं तपासायला पाठवलं. सलाईनमधून औषध सुरू झालं. मी सकाळी जागा झालो की आधी चादर बाजूला करून रेघ बघायचो. इतकी वर्षं दुधात काचेची नळी सोडून तिच्यावरचा आकडा वाचलाय, आता स्वतःचा पाय वाचत होतो. लाली रेघेला टेकली. मग थोडी वर सरकली. डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे गेले.

विरजण लागलं

तपासणीचा निकाल आला तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो, दुखण्यापेक्षाही. मॅडम खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या जखमेतले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. आम्ही ते एका काचेच्या बशीत वाढवतो आणि बशीत वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळी जागा राहते. तुमच्या बशीत बहुतेक टिकल्यांना खेटून जंतू वाढलेत."

मी म्हणालो, "म्हणजे औषध घालून पण विरजण लागलं."

त्यांना कळलं नाही. मी दुधाचं सगळं सांगितलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "हो, तसंच. आता सांगा, पायाला आधी काय काय लावलंत?"

"गावच्या डॉक्टरांची सुई आणि गोळ्या. बाकी औषध काही नाही."

"जनावरांचं काही?"

तेव्हा ट्यूब आठवली. मी लपवत नव्हतो हो. ती माझ्या डोक्यात औषध म्हणून नव्हतीच. ती गाईची वस्तू होती, दावणीसारखी, मोरकीसारखी. मॅडमनी ट्यूबचं नाव विचारलं, मला रंग तेवढा सांगता आला. मग दुधाचं विचारलं, तेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या की हे जंतू नेमके कशातून तयार झाले ते कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. अर्धवट गोळ्यांनी, ट्यूबच्या उरलेल्या औषधानं जंतू मरत नाहीत, ते सरावतात. सरावलेले जंतू मग छावणीच्या चिखलातही असू शकतात, घरातही. दुधाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "जे डेअरी घेत नाही ते पोरांना कसं पाजता?"

मी चादर पायावर ओढून घेतली.

दोनच औषधं चालण्यासारखी उरली होती. त्यातलं एक मूत्रपिंडाला जड, म्हणून लघवी मोजून ठेवायची, रोज रक्त काढायचं. हाताच्या शिरा संपल्या तेव्हा सिस्टर पायावर, मग मानेपाशी जागा शोधू लागल्या. मी इतका थकलो होतो की सुई टोचताना तोंडसुद्धा फिरवायचो नाही. त्या वर्षी दवाखान्यातही पाणी टँकरनंच यायचं. एक सिस्टर होत्या, बोलायला फटकळ. पण माझी पट्टी बदलायची असली की त्या आधीच एक बादली भरून खाटेखाली सरकवून ठेवायच्या. "ह्याला कोणी हात लावला तर बघा," असं सगळ्या वॉर्डाला सांगायच्या. घरी जी जखम धुवायला पाणी मिळालं नाही, ती तिथं रोज धुतली गेली.

शेषेराव

शेजारच्या खाटेवर उमापूरचे शेषेराव होते. त्यांचा पाय आधीच काढला होता. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "रडू नको बे. पाय न्हाई म्हणून मी काय अर्धा माणूस झालो काय?" आणि दुपारी चादर डोक्यावरून घेऊन स्वतःच रडत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनीही मला तसंच बरेचदा सांभाळून घेतलं.

सिंधू सकाळी छावणीत जनावरांचं करायची, मग एसटीनं यायची. छावणीत जनावरापाशी घरचं माणूस हवंच, नाहीतर आपल्या वाट्याचा चारा दुसऱ्याच्या दावणीत जातो. ती यायची ती धुळीनं माखलेली. भाकरी सोडायची, माझं तोंड पुसायची, पाठ दाबायची. पायाला मात्र हात लावायची नाही. पट्टी बदलायची वेळ झाली की उठून व्हरांड्यात जायची. शेषेराव एकदा तिला म्हणाले, "वैनी, बघा की जरा, कसं हाय ते." ती म्हणाली, "माज्या हातानं व्हायचं ते झालंय." मला राग आला. तिचा नाही, तिच्या त्या बोलण्याचा. पण भांडायला अंगात जोर नव्हता.

सोसायटीची माणसं भेटायला यायची. केळी आणायची आणि उपाय आणायची. एक जण कडुलिंबाची पानं घेऊन आला, एकानं कुठलीशी राख आणली. आणि एका दुपारी आण्णा आला, इकडे तिकडे बघत, शर्टाच्या खिशातून सोललेल्या लसणाच्या पाकळ्या काढल्या आणि माझ्या उशाखाली सारल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"मोबाइलवर आलंय. ज्या जंतूला कुठलंच औषध चालत न्हाई त्याला लसूण चालतो. उपाशीपोटी कच्चा खायाचा. लई लोकान्ला गुण आलाय."

"आण्णा, बाहेर बाकावर काय बोलला होतास?"

"ते बांदायचं येगळं, खायाचं येगळं."

बायकोनं बांधला तर विष आणि मोबाइलनं सांगितला तर औषध. सिंधू तिथंच होती, भाकरीचं फडकं झटकत. तिनं ऐकलं, घडी घातली आणि बाहेर गेली.

खरं सांगतो, मी त्या पाकळ्या खाल्ल्या. उपाशीपोटी, चावून, डोळ्यांत पाणी आणून. रेघ रोज हरत असताना माणूस काहीही खातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या आणि दोन हात लांबूनच त्यांना कळलं. उशी उचलून त्यांनी उरलेल्या पाकळ्या बघितल्या.

मला वाटलं आता ओरडतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "काका, तुमच्या घरचे वेडे नाहीत. लसूण ठेचला की त्यातून जे निघतं त्यानं जंतू मरतात, हे खरं आहे. बशीत मरतात. अशा हट्टी जंतूंवरही लोकांनी करून बघितलंय. पण पाय म्हणजे बशी नाही. पोटात गेलेला लसूण तेवढ्या ताकदीनं जखमेपर्यंत पोचत नाही. आणि बशीत जेवढा लागतो तेवढा कातडीवर ठेवला की कातडी आधी मरते. वर तुमचं ऑपरेशन परत करायचंय, जास्त कच्च्या लसणानं रक्त थांबायला वेळ लागतो. चार दिवस खाऊ नका. घरी गेल्यावर जेवणात खा की, कोण नको म्हणतंय."

मी विचारलं, "मग बायकोनं बांधला त्यानं पाय गेला का?"

"ते फोड तर वाळलेसुद्धा," त्या म्हणाल्या. "वरची कातडी भाजली, तेवढा त्रास वाढला, आणि इथं यायला उशीर झाला. पण आत जे पसरलं ते त्याआधीच पसरत होतं."

सिंधू आल्यावर मी हे शब्द न् शब्द सांगितलं. ती ऐकून घेत होती. "बरं," म्हणाली, आणि भाकरी सोडली.

सही

लाली रेघेच्या वर बोटभर गेली त्या दिवशी मोठे डॉक्टर थांबले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. म्हणाले, "आज ही दोन बोटं काढतो, आतलं मेलेलं सगळं साफ करतो. नवं औषध लागू पडतंय असं वाटतंय, पण ते हळू चालतंय. ह्यानं थांबलं तर थांबलं. नाहीतर पुढचं ऑपरेशन गुडघ्याखालचं."

मला भीती वाटत होती. ती पायाची कमी आणि पायाशिवायच्या दिवसांची जास्त होती. छावणीतला चिखल, टँकरची रांग, डेअरीची पायरी, सगळं एका पायावर करायचं चित्र डोळ्यांसमोर यायचं. आणि सिंधू. तिला आयुष्यभर लोक त्या लसणाचं ऐकवणार, आणि माझा नसलेला पाय रोज साक्षीला बसणार. हे मला सहन होणार नव्हतं.

सही तिला करायची होती. तिनं पेन धरलं, मग खाली ठेवलं. "जरा थांबा," म्हणाली आणि व्हरांड्यात गेली. तिथून आभाळ दिसतं तेवढ्या तुकड्याकडे तोंड करून उभी राहिली. हात जोडलेले होते. मग आली, सही केली. माझ्या पायाकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि पट्टीवरून हात फिरवला.

शेषेराव म्हणाले, "जा बे. दोन बोटं दिली म्हणून देव काय गरीब समजायचा न्हाई तुला."

रेघेच्या आत

भुलीतून उठलो तेव्हा पाय होता. पट्टीचं गाठोडं होतं, पण त्याखाली पाय होता. पुढच्या दिवसांत लाली जागच्या जागी राहिली. आणि एका सकाळी मॅडमनी जुन्या रेघेच्या बरीच खाली नवी रेघ ओढली. "आता ही बघत जा," म्हणाल्या. मी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिलो. शेषेरावांनी माझ्या वतीनं सगळ्या वॉर्डाला सांगितलं.

बरं होणंही दमवणारं असतं, हे कोणी सांगत नाही. सुटी मिळाली तेव्हा मला आनंद झाला असं म्हणायला हवं, पण मला फक्त झोपायचं होतं. शेषेराव दारापर्यंत कुबड्यांवर आले. "पाय जपून वापर," म्हणाले, "एकच जोड असती."

घरी आल्यावर पहिल्यांदा देवळीतला गोळ्यांचा डबा रिकामा केला. मग छावणीत गेलो, काठी टेकत, आणि आमच्या मांडवाच्या बांबूची ट्यूब काढली. बाकीच्यांनाही सांगतो. निम्मे ऐकतात, निम्मे म्हणतात, "सुभाष, तुजं नशीब वाईट व्हतं, ट्यूब चांगलीच हाय." आमच्या गाईला मधे परत दगडी झाली तेव्हा तिचं दूध मी शेणखड्ड्यात ओतलं. छावणीतली माणसं बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "दुष्काळात दूध ओतायलास, तुला पाप लागंल." लागेल कदाचित. डेअरी घेत नाही ते मी घरी नेणार नाही.

चटणी

दवाखान्यात बेचव खाऊन मला एकाच गोष्टीची ओढ लागली होती. पण घरी वरण आलं ते बिनलसणाचं. भाजी तशीच. दोन-चार दिवस मी गप्प बसलो. वाटलं, लोकांच्या बोलण्यानं तिचं मन उडालंय, येईल ताळ्यावर. मग एका दुपारी मीच म्हणालो, "मॅडमनी जेवणात खायला सांगितलंय. चटणी कर की."

ती चुलीपुढून उठली नाही. "करते तुमच्यापुरती."

"माझ्यापुरती का?"

"म्या सोडलाय लसूण."

"कावून? आण्णा बोलला म्हणून?"

"आण्णाचं काय एवढं." तिनं भाकरी उलटली. "सही करायच्या आदी देवीला बोलले. ह्यांचा पाय राहू दे, म्या जन्मभर लसूण तोंडात घालनार न्हाई. तिनं ठिवला. आता म्या ठिवायचं."

मी पुष्कळ समजावलं. लसणानं पाय गेला नव्हता, डॉक्टरनं स्वतः सांगितलंय, मग त्या बिचाऱ्या लसणावर राग कशाला? ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"राग न्हाई हो. मला लई आवडतो मनून तर सोडला. नावडतं दिऊन देव कुठं ऐकतो? दोडका सोडला आस्ता तर तुमचा पाय गेला आस्ता."

मॅडमचं औषध होतं, सिस्टरांची बादली होती, मोठ्या डॉक्टरांची सुरी होती, हे मला माहीत आहे. मी दूध तपासणारा माणूस आहे, कशानं काय होतं हे मला कळतं. पण घरात सगळ्यात आवडीची गोष्ट कोणी दिली, तेही मला माहीत आहे.

तिनं उखळ पुढे ओढलं. लसूण, लाल मिरची, मीठ, जिरं. तिच्या कांकणांचा आणि मुसळीचा तो आवाज घरात किती दिवसांनी आला. वास सुटला तशी तिनं मान जरा बाजूला केली, एवढंच. ठेचून झाल्यावर सवयीनं बोटाला लावून तोंडाकडे नेली आणि मधेच थांबली. मग ते बोट माझ्यापुढे धरलं.

"मीठ बराबर हाय का बघा. मला कळायचं न्हाई आता."

मी काठी न घेता उठलो, भिंतीला धरून तिच्यापर्यंत गेलो आणि चाखली. मीठ थोडं कमी होतं. तसं सांगितलं. तिनं चिमूटभर घातलं, परत ठेचलं, परत बोट पुढे केलं.

आता चटणी झाली की ती हाक मारते. मी डेअरीत असलो तरी येतो, आठ बोटांवर चालत.